जुन्या सिंथचं झाकण उघडताय? आधी या चुका टाळा

माझ्या यामाहा डीएक्स७ या सिंथमध्ये ‘सनई’ नावाचा एक पॅच, म्हणजे घडवून साठवलेला आवाज, होता. तो मी बनवलेला नव्हता. आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्याआधी कीबोर्ड सांभाळणाऱ्या दादांनी दोन पावसाळे घालवून तो जमवला होता, आणि कीबोर्ड माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पोटातून तोही आला. एका रविवारी डिस्प्लेवर भलतीच अक्षरं उमटायला लागली. मी म्हटलं, सेल बसला. झाकण उघडलं, जुना सेल काढला, नवा लावला. पाऊण तासाचं काम. चालू करून पाहतो तर बत्तीसच्या बत्तीस जागांवर नुसता खरखराट आणि शिट्ट्या. नवा सेल मीटरवर ३.२ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे दुरुस्ती एकदम फक्कड झाली होती. सनई तेवढी गेली होती.

रागारागात काढलेला सेल मोजला. ३.०५ व्होल्ट. चांगला ठणठणीत होता बिचारा. डिस्प्लेकडे जाणारी रिबन, म्हणजे चपटी वायर, कनेक्टरमध्ये सैल झाली होती, एवढाच काय तो बिघाड. आजार रेड्याला आणि डाग पखालीला.

त्यानंतर माझ्या हाताखालून बरेच जुने सिंथ गेले. लोक कुठे चुकतात ते आता पाठ झालंय, कारण बहुतेक चुका मी आधी स्वतः करून पाहिल्यात.

निदानाआधी सेलवर संशय

डीएक्स७ हे १९८३चं यंत्र. तेव्हा फ्लॅश मेमरी नव्हती. तुम्ही बनवलेले आवाज साध्या रॅममध्ये राहतात, आणि कीबोर्ड बंद असताना त्या रॅमला जागं ठेवतो तो बोर्डावर सोल्डर केलेला एक सीआर२०३२ सेल. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी; नावातच माप आहे. हा काढला की त्या क्षणी आतलं सगळं पुसलं जातं.

सेल खरंच बसला असेल तर डिस्प्लेवरची नावं आणि आवाज दोन्ही बिघडतात, आणि तेही बहुधा कीबोर्ड बंद करून परत चालू केल्यावर. डिस्प्ले वेडावाकडा पण आवाज शाबूत, असं असेल तर सेलला हात लावू नका. त्या दिवशी मी पट्ट्यांवर एकदा हात फिरवून बघितलं असतं तरी पुरे होतं. सनई वाजत होती.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘कंपनीचे आवाज कुठे जातात, ते तर आतच असतात,’ असं खूप जण म्हणतात. ते यंत्रावर अवलंबून आहे. १९९८च्या रोलँड एक्सपी-६०मध्ये कंपनीचे प्रीसेट रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत आहेत, ते सेल गेला तरी राहतात. जातात ते तुमचे १२८ यूझर पॅच, ३२ परफॉर्मन्स आणि २ रिदम सेट. पण १९८८च्या कोर्ग एम१मध्ये पियानोची मूळ ध्वनिलहर रॉममध्ये असली, तरी तिच्यावरून ‘पियानो’ घडवणारा प्रोग्रॅम मात्र सेलवरच्या रॅममध्ये. सेल गेला की एम१ मुका किंवा बडबड्या होतो आणि कंपनीचा डेटासुद्धा बाहेरून परत भरावा लागतो. तेव्हा तो डेटा आधी हाताशी ठेवा, मग झाकण उघडा.

बॅकअप ‘घेतला’, पण तपासला नाही

या कामात सगळ्यात जास्त रडारड इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या सिंथमधून डेटा बाहेर येतो तो मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पद्धतीच्या, वायरीवरून, सिस्टिम एक्सक्लुझिव्ह म्हणजे ‘सिसेक्स’च्या रूपात. संगणकावर विंडोज असेल तर मिडी-ऑक्स, मॅक असेल तर सिसेक्स लायब्रेरियन. दोन्ही फुकट मिळतात आणि चांगले आहेत. डीएक्स७वर फंक्शनमध्ये जाऊन ८ नंबरचं बटण दाबत राहायचं. आधी ‘सिस इन्फो’ दिसेल, ते ‘अव्हेल’ करायचं. मग ‘मिडी ट्रान्समिट?’ असा प्रश्न येईल, त्याला ‘येस’. संगणकावर रेकॉर्डिंग आधीच सुरू ठेवा, कारण प्रकरण आटोपायला फार वेळ लागत नाही. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. ३२ आवाजांची अख्खी बँक सव्वा-दीड सेकंदात बाहेर येते.

आलेल्या फाइलचा आकार बघा. बरोबर ४,१०४ बाइट पाहिजे. १६३ बाइट असेल तर तुमच्या हातात बँक नाही, एकच आवाज आलाय. ‘सिस इन्फो’ चालू असताना पॅचचं बटण दाबलं तरी तो तेवढा एक आवाज पाठवतो, आणि लोक ती फाइल ‘बॅकअप’ म्हणून जपून ठेवतात. फाइल उघडून पाहायची सवय असेल तर सुरुवात ‘एफ०’ने आणि शेवट ‘एफ७’ने झालेला दिसेल. ‘एफ०’च्या मागोमाग येणारा आकडा कंपनीचा असतो: यामाहाचा ४३, कोर्गचा ४२, रोलँडचा ४१.

आकार ४,१०४पेक्षा कमी भरला तर बहुतेक वेळा कीबोर्ड निर्दोष असतो. दोष असतो त्या स्वस्तातल्या यूएसबी-मिडी वायरीचा. मी अशी एक घेतली होती. दिवा छान लुकलुकायचा, नोटाही बरोबर जायच्या, पण सलग मोठा डेटा आला की मधलेच बाइट गिळून टाकायची. सुरांच्या नोटा दोन-तीन बाइटच्या असतात, त्यामुळे वाजवताना याचा पत्ताच लागत नाही. बरा इंटरफेस एकदाच घ्या, किंवा दोन दिवसांसाठी कुणाकडून मागून आणा. वायरीवरच्या ‘इन’ आणि ‘आउट’नेही गोंधळ होतो: कीबोर्डच्या आउटमधून निघालेलं इंटरफेसच्या इनमध्ये गेलं पाहिजे.

आकार बरोबर आला तरी मी समाधान मानत नाही. दोनदा डम्प घेतो, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढतो, आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का ते पाहतो. मग कीबोर्डवरच्या एखाद्या फालतू पॅचचं नाव बदलून सेव्ह करतो, समजा ‘बटाटा’ (डीएक्स७वर दहा अक्षरं मावतात), आणि फाइल परत कीबोर्डमध्ये पाठवतो. ‘बटाटा’ जाऊन जुनं नाव आलं तर बॅकअप खरा. परत पाठवताना मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मेमरीवरचं कुलूप, बंद करायला विसरू नका. तो चालू राहिला तर काहीच बदलत नाही, आणि माणूस उगाच वायरीला शिव्या घालत बसतो.

डीएक्स७ची कार्ट्रिज (आवाज साठवायची, बाहेरून खोचायची डबी) असेल तर त्यात एक मेख आहे. डम्प होतो तो आतल्या मेमरीचा, कार्ट्रिजचा नाही. कार्ट्रिजमधले आवाज वाचवायचे तर ते आत ओढावे लागतात, आणि ओढले की आतले पुसले जातात. म्हणून आधी आतला डम्प, मग कार्ट्रिज. उलट क्रम लावलात तर माझ्यासारखी गत.

यामाहाच्या डीएक्स२१, डीएक्स१००सारख्या मॉडेलांवर डेटा कॅसेटवर ठेवायची सोय होती. अशा कॅसेट कपाटात असतील तर त्या संगणकावर घेताना एमपी३ करू नका. एमपी३ कानाला चालेल ते ठेवतं आणि बाकीचं टाकतं; यंत्राला मात्र ते टाकलेलंच लागतं. डब्ल्यूएव्ही करा.

सेल बदलताना

प्लग काढल्यावर थोडा वेळ थांबा. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. ‘कीबोर्ड चालू ठेवून सेल बदल, डेटा जात नाही’ असा सल्ला देणारे महाभाग भेटतील. त्या उघड्या झाकणाखाली २३० व्होल्ट असतात. तुमच्याकडे तपासलेला बॅकअप आहे, मग हा उपद्व्याप हवाच कशाला?

सेलवर थेट सोल्डर करू नका (आमच्याकडे सगळे ‘शोल्डर’च म्हणतात). लिथियमचा सेल तापला की फुटू शकतो. जुना सेल पत्र्याच्या पट्ट्यांवरून निघतो. त्या जागी होल्डर बसवा म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरची इस्त्री तापवायला नको. जुनं सोल्डर पंपाने नीट ओढून घ्या. पत्र्याची पट्टी हिसकलीत तर बोर्डावरची तांब्याची वाट सोबत उखडते आणि दहा रुपयांचं काम हजारावर जातं. अधिक-उणे बाजूचा फोटो आधीच काढून ठेवा.

स्क्रूंचंही तेच. सगळे सारखे दिसतात, पण नसतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो आतून पट्टीला अडतो. मी कागदावर कीबोर्डचा आराखडा काढून त्या-त्या जागी स्क्रू टोचून ठेवतो.

पट्टी दबते, पण वाजत नाही

दुकानात नेलं की ऐकू येतं, ‘कार्बन गेलाय.’ कधी खरं असतं. पण आधी कुठल्या पट्ट्या गेल्यात ते लिहून काढा. शेजारशेजारच्या दोन-तीन गेल्या असतील तर घाण किंवा रबर. ठरावीक अंतराने एकेक गेली असेल तर रबराचा काही संबंध नाही. पट्ट्या जाळीसारख्या जोडलेल्या असतात, आणि जाळीची एक ओळ तुटली की असं होतं. रिबन आणि डायोड बघा. एखादी पट्टी हळू दाबली तरी दणकून वाजते, तर दोन संपर्कांपैकी एक मळलाय: जोर मोजला जातो तो पहिला आणि दुसरा संपर्क यांच्यामधल्या वेळावरून.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी, बस. पेट्रोल, थिनर, ‘डब्ल्यूडी-४०’ नको. पॉलिश पेपर तर अजिबात नको, कारण रबराखालचा काळा थर हाच संपर्क आहे, तो घासून काढल्यावर उरतं काय? पेन्सिल घासायचा जुगाड चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी ऐन कार्यक्रमात दगा देतो.

गणपतीच्या दिवसांत आलेल्या कीबोर्डमध्ये मला हमखास गुलाल सापडतो. तो ओल्या कापडाने पुसला की चिखल होतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, अल्कोहोल नंतर.

रोलँडच्या जेडी-८००, डी-७०, यू-२० या मॉडेलांच्या पट्ट्यांखालचा लाल गोंद वर्षांनी वितळून आत ठिबकतो. तो काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, त्याने कातडी भाजते. अनुभव नसेल तर हे काम घरी करू नका.

फ्लॉपीच्या भरवशावर

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत एक्सपी मालिकेचे कीबोर्ड अजून दिसतात, आणि त्यांच्यासोबत प्लास्टिकच्या डब्यातल्या फ्लॉप्या. दोन गोष्टी सांभाळा. एक्सपी-६०च्या सिक्वेन्सरमधलं गाणं सेलवर राहत नाही. कीबोर्ड बंद केला की गेलं. फ्लॉपीवर सेव्ह केलं तरच उरतं. आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडते. आधी पत्र्याचं दार सरकवून उजेडात चकती बघा. ठिपके दिसले तर थांबा. बरी असेल तर कोपऱ्यातली खिडकी उघडी करून लिहिणं बंद करा, मगच वाचा.

सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११मध्येच थांबवली, त्यामुळे आता मिळतात त्या जुन्या साठ्यातल्या. ड्राइव्ह गेला असेल तर त्याच्या जागी गोटेकसारखा एम्युलेटर (फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारं यंत्र) बसवा, पेन ड्राइव्हवर काम होतं. पण त्याची जोडणी आणि सेटिंग मॉडेलनुसार बदलते. पिना नुसत्या जुळल्या म्हणजे झालं असं नाही. आणि ७२० केबीच्या फ्लॉप्या असतील तर यूएसबीवरचे बरेच नवे ड्राइव्ह त्या नीट हाताळत नाहीत.

कोर्ग ट्रायटनवाल्यांसाठी एक ओळ: ‘पीसीजी’ ही प्रोग्रॅमची फाइल सेव्ह केली म्हणजे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) सेव्ह झाले असं नाही, त्यांची ‘केएससी’ वेगळी.

वीज

जपानहून आलेला सेकंड हँड कीबोर्ड घेतलात तर मागची माहितीची पट्टी वाचा. तिथली वीज १०० व्होल्टची. थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला की फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका; जत्रेत जनरेटरवर वाजवताना ती तार तुमचा कीबोर्ड जाळून दाखवते. छोट्या कीबोर्डांच्या अडॅप्टरचंही बघा. यामाहाच्या १२ व्होल्टवाल्या अडॅप्टरमध्ये मधली पिन अधिक, कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टवाल्यात मधली पिन उणे. पिन बसली म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही.

सनई मी कानावरून पुन्हा बांधली. दादांनी ऐकली, डोळे मिटून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “नाक जरा चोंदलंय तिचं.” अजून काम चालू आहे. प्रत्येक फेरफाराची वेगळी फाइल ठेवतो, नावात तारीख घालून, एक प्रत लॅपटॉपवर आणि एक दादांच्या मुलाच्या पेन ड्राइव्हवर. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: सेल कधी बदलला, तेव्हा किती व्होल्ट होता, शेवटची फाइल कुठली. पुढे ज्याच्या हातात हा कीबोर्ड जाईल, त्याला झाकण उघडल्यावर पहिल्यांदा हाच कागद दिसेल. म्हणून बाहेरून, डिस्प्लेच्या वरच्या कडेला, मी आणखी एक छोटी चिठ्ठी लावली आहे: ‘उघडण्याआधी डम्प घे.’