ट्रेलवर आपटल्यावर: मार ओळखण्यापासून परत सायकलवर बसेपर्यंत

कॉलरबोन (गळ्याकडून खांद्याकडे जाणारं हाड) मोडलेल्या कुठल्याही माउंटन बाइक राइडरला विचारा डॉक्टर काय म्हणाले, तो एकच सांगेल, "सहा आठवडे". बाकी डॉक्टर जे काही बोलले ते सगळं हवेत, डोक्यात फक्त आकडा राहिलेला असतो, मग कॅलेंडरवर गोल होतो आणि सातव्या आठवड्यात गडी थेट रॉक गार्डनमध्ये, म्हणजे दगडधोंड्यांच्या पट्ट्यात. आता तो आकडा म्हणजे सगळ्या पेशंटांचा मिळून काढलेला अंदाज असतो हो, तुमच्या हाडाने काही सही केलेली नसते त्यावर. परत कधी बसायचं हे अंग काय काय करू शकतंय त्यावर ठरवा, आणि त्याच्याही आधी मुळात लागलंय काय ते नीट कळू द्या, कारण या खेळात जे मार पुढे महिनोन्‌महिने छळतात ते पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसतच नाहीत. निदान आणि उपचार डॉक्टरच करणार, पण डॉक्टरकडे कधी पळायचं आणि काय विचारायचं हे आपल्याला माहीत हवं.

पडल्या जागी

पहिली गोष्ट, उठू नका. पडलं की सगळे झटकन उभे राहतात, "ठीक आहे ठीक आहे" म्हणतात आणि सायकल उचलायला जातात, पण त्या वेळी ॲड्रेनलिन इतकं चढलेलं असतं की मोडलेलं मनगटही दुखत नाही. मिनिटभर पडून राहा, बोटं हलवा, पाय हलवा. सोबतच्यांपैकी एकाने ट्रेलवर (सायकलची डोंगरवाट) थोडं वर जाऊन उभं राहायचं, मागून येणाऱ्याला थांबवायला, हे कायम विसरलं जातं आणि मग त्याच ड्रॉपवरून (सायकलने उडी घेऊन उतरायची पायरी) दुसरा येऊन पहिल्याच्या अंगावर पडतो.

मानेच्या किंवा पाठीच्या मधोमध दुखतंय, हातापायाला मुंग्या येतायत, बधिर वाटतंय, तर त्या माणसाला हलवायचं नाही, मदत बोलवायची. फुलफेस (हनुवटीही झाकणारं) हेल्मेट ओढून काढायचं नाही, श्वासच अडत असेल तर गोष्ट वेगळी. आणि बेशुद्ध पडला, अगदी दोन सेकंद का होईना, तर त्या दिवसाची राइड संपली, इथे चर्चा नको.

डोक्याला लागलंय असं वाटलं तर नुसतं "बरा आहेस ना" विचारून काही कळत नाही, कारण उत्तर "हो"च येणार. विचारा आत्ता कुठल्या ट्रेलवर आहोत, याच्या आधी कुठली केली, पुढे कोण होतं. उत्तर उशिरा आलं किंवा तोच प्रश्न तो तुम्हाला परत परत विचारायला लागला की समजून जा.

न दिसणारे तीन मार

यातला पहिला अर्थातच डोक्याचा, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. बेशुद्ध पडलंच पाहिजे असं काही नाही, खरं तर बहुतेक कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, उगाच चिडचिड, धुक्यात असल्यासारखं वाटणं, यातलं काही दुसऱ्या दिवशी सुरू झालं तरी ते त्याच धडकेचं असू शकतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून नाचू नका, सीटीमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही. पहिले २४ तास एकटं राहायचं नाही. डोकेदुखी वाढत चाललीय, सारख्या उलट्या होतायत, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, झटका आला, हातापायातली ताकद गेली, जागंच करता येत नाहीये, नाकाकानातून पाणी येतंय, यातलं एकही झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

पूर्वी सांगायचे अंधाऱ्या खोलीत पडून राहा सगळं थांबेपर्यंत. आता तसं नाही. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले, त्यानुसार पहिले २४ ते ४८ तास जरा शांत राहायचं, स्क्रीन कमी, पण घरातलं हलकंफुलकं चालू ठेवायचं, आणि मग चालणं, ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) हलकं पेडलिंग असं हळूहळू वाढवायचं, त्रास किंचित वाढला तर चालतं, जास्त वाढला की त्या दिवशी थांबायचं. खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला निदान एक दिवस. पण इथे ट्रेलवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे "हलकी राइड" म्हणजे सोपी ट्रेल, आणि सोप्या ट्रेलवर पण माणूस पडतोच. ज्या कशात डोकं परत आपटू शकतं ते सगळं शेवटच्या पायऱ्यांवर येतं, लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरने हो म्हटल्यावर. तोपर्यंत हलकी राइड म्हणजे ट्रेनर, बस.

हेल्मेटचं पण सांगून टाकतो. आतला ईपीएस फोम (थर्माकोलसारखा) एकदा दबला की परत फुगत नाही, बाहेरून चकाचक दिसत असलं तरी. डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट गेलं. कितीही महाग घेतलेलं असो.

दुसरा मार मनगटाचा, स्कॅफॉइड. पडताना आपण हात पुढे टाकतो, टाकणारच, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेलं हे काजूएवढं हाड मोडतं. सूज फारशी नसते, मूठ आवळता येते, म्हणून सगळे "मुरगळलंय" म्हणून क्रेप बँडेज बांधून मोकळे होतात. अंगठा वर ताणून धरला की त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून बघा, दुखलं तर एक्स-रे काढाच. आणि एक्स-रे क्लीन आला तरी विषय संपत नाही! हे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत बरेचदा सुटतं, म्हणून संशय असेल तर डॉक्टर स्प्लिंट घालून १० ते १४ दिवसांनी परत काढतात किंवा सरळ एमआरआय सांगतात. एवढं मागे लागायचं कारण या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून होतो, मधे तुटलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, मग ते जुळत नाही आणि काही वर्षांनी मनगटात संधिवात. नुसतं मुरगळलेलं मनगट दोन आठवड्यांनी पण तिथेच दुखत असेल तर ते मुरगळलेलं नाही असंच धरून चाला.

तिसरा मार फार कमी लोकांना माहीत असतो. हँडलबारचं टोक पोटात घुसणं. वर नुसता गोल वळ उठतो, साधा मुका मार वाटतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते आणि ती काही तासांनी, कधी तर काही दिवसांनी डोकं वर काढते. पोट दुखणं वाढतंय, पोट कडक झालंय, चक्कर येतेय, चेहरा पांढरा पडलाय, किंवा खांद्याला काहीही लागलेलं नसताना डावा खांदा दुखतोय (हे प्लीहेतल्या रक्तस्रावाचं लक्षण असतं), तर "जिरेल" म्हणून घरी झोपायचं नाही. लहान मुलं चालवत असतील तर हे दुप्पट लक्षात ठेवा. आणि ग्रिपच्या टोकाचे प्लग हरवलेत तर आजच्या आज बसवा, उघडा पाइप पोटात पंचसारखा घुसतो.

दिसणारे मार

कॉलरबोन बहुतेक वेळा मधल्या भागात मोडतं. तुकडे फार सरकले नसतील तर स्लिंगवर भागतं. हाड दोनएक सेंटिमीटरने आखूड झालंय, किंवा टोक कातडीला आतून तंबूसारखं ताणतंय, तर ऑपरेशन करून हाडावर धातूची प्लेट बसवायची चर्चा होते. प्लेट घातली की दुखणं लवकर कमी होतं आणि इथेच लोक फसतात, कारण हाताला बरं वाटतंय ते प्लेटमुळे, हाड मात्र आपल्याच वेगाने जुळतंय, मोठ्या माणसात साधारण ६ ते १२ आठवडे, सिगरेट असेल तर अजून उशीर. मधे परत पडलात तर प्लेट वाकते. ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉकचं उदाहरण सगळे देतात, २०२१ च्या मे अखेरीला ट्रेनिंगमध्ये गाडीने उडवलं, कॉलरबोन मोडलं, प्लेट बसवली आणि जुलैत टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीचं गोल्ड. खरं आहे. पण त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओ, कोच यांची फौज होती आणि ऑलिंपिक चार वर्षांनी येतं. तुमचा रविवार दर आठवड्याला येतो.

स्लिंगमध्ये असताना बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा, खांदा डॉक्टर सांगतील तेव्हा, नाहीतर हाड जुळतं आणि खांदा आखडून बसतो. झोप आडवं पडून येणार नाही, उशा रचून अर्धवट बसून झोपा, पहिले काही दिवस असेच जातात.

बरगड्यांना पट्टा बांधायचा नाही, जुना सल्ला आहे तो. छाती आवळली की श्वास उथळ होतो, कफ साठतो, न्यूमोनियाचा धोका. उलट डॉक्टरने दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घेऊन मुद्दाम खोल श्वास घ्यायचे, खोकायचं, खोकताना उशी छातीशी धरायची. शिंक आली तर देव आठवतो, त्याला इलाज नाही. दम लागायला लागला किंवा ताप आला तर परत दाखवा.

खरचटलेलं, सोलटलेलं असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, आतली माती खडी निघालीच पाहिजे, राहिली तर कातडीखाली कायमचे काळे डाग राहतात. उघडं ठेवून खपली धरू देण्यापेक्षा न चिकटणारं, ओलावा धरून ठेवणारं ड्रेसिंग लावा, लवकर भरतं आणि कमी दुखतं. मातीतली जखम आहे, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर डॉक्टरला विचारून घ्या. पेडलच्या पिनांनी नडगीला पडलेली भोकं छोटी दिसतात पण खोल असतात, ती पण अशीच धुवायची.

घरी बसल्यावर

बर्फाचं काय? विश्रांती, बर्फ, दाब, पाय वर हा फॉर्म्युला डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडला आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. दुखणं कमी करायला थोडा वेळ लावायला हरकत नाही, पण दिवसभर बर्फात पाय घालून बसून काही साधत नाही. मुरगळणं वगैरे असेल तर एकदोन दिवस जपून मग सोसेल तेवढं वजन टाकायला लागायचं.

एक हात बंद असेल तर दुसऱ्या हाताचा व्यायाम सोडू नका. एका बाजूला ताकदीचा व्यायाम केला की बंद असलेल्या बाजूची ताकद पण कमी घटते, विचित्र वाटतं पण हे तपासलेलं आहे. डॉक्टर हो म्हणाले की ट्रेनर लावा, सरळ बसून, हँडलवर भार न देता. पाय प्लास्टरमध्ये असेल आणि पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे थांबायचं नाही.

बसायचं कधी

डॉक्टरला "कधी चालवू" विचारू नका, "हाड जुळलंय का, आणि मी त्यावर पडलो तर काय होईल" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर एकदम वेगळं असतं.

एक्स-रे चांगला आला की मग घरच्या चाचण्या, फिजिओशी बोलून. हात किंवा खांदा असेल तर दोन्ही बाजूंची हालचाल सारखी होतेय का, पुशअप्स दुखल्याशिवाय निघतात का, बारला लटकता येतं का, प्लँकमध्ये एक हात उचलून दुसऱ्या खांद्याला लावता येतो का, भिंतीपासून दोन पावलं लांब उभं राहून पुढे पडून हातांवर झेलता येतं का. पाय असेल तर एका पायावर उठबस आणि छोट्या पायरीवरून उडी मारून स्थिर उतरणं. आणि सगळ्यात आपली अशी चाचणी म्हणजे उतारावर एका बोटाने कडक ब्रेक मारणं, दहावेळा. मनगट कुरकुरलं तर अजून वेळ आहे.

सायकल पण तपासा बरं का, ती पण तुमच्यासोबतच पडली होती. कार्बन हँडलबार जोरात आपटला असेल तर बदला, भेग आत असते. स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) फिरलाय का, रोटर (ब्रेकची चकती) वाकलाय का, ब्रेक लीव्हरला तडा आहे का.

पहिली राइड ओळखीच्या, गुळगुळीत ट्रेलवर, छोटी, आणि अंगात दम शिल्लक असतानाच संपवायची. "चल अजून एक राउंड" म्हणणाऱ्या मित्राला त्या दिवशी घरी ठेवा, दमलेल्या हातांनी केलेल्या त्या जास्तीच्या राउंडमध्येच लोक पडतात. ड्रॉप आणि जंप सगळ्यात शेवटी.

भीती वाटणारच. हात कडक होतात, नजर पुढच्या चाकावर अडकते, आणि त्यानेच माणूस परत पडतो. जिथे पडलात तिथे आधी चालत जा, लाइन (सायकल कुठून न्यायची ती वाट) बघा, नेमकं काय चुकलं ते कळलं तर भीतीला आकार येतो, नाही कळलं तर त्या जागेला काही महिने बायपास मारा, कोणी मेडल देत नाहीये. ब्रिटिश डाउनहिल (उतारावरच्या शर्यतीची) रेसर रेचेल ॲथर्टनचं अकिलीस (टाचेमागचा कंडरा) २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ले जे इथे प्रॅक्टिसमध्ये तुटलं, मधे मूल झालं, आणि २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेंझरहाइडला डाउनहिल वर्ल्ड कपची फेरी जिंकली, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. पण झोपेत तेच पडणं दिसतंय, सायकलकडे बघितलं तरी छाती धडधडतेय असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर समुपदेशकाकडे जा, फिजिओकडे जातो तसंच.

प्लेट काढायची का हा प्रश्न वर्षभराने येतोच. त्रास देत नसेल तर बहुतेकदा ठेवतात. बॅकपॅकचा पट्टा टोचतो म्हणून बरेच जण काढून घेतात, पण काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड तिथे कच्चं असतं, म्हणजे परत काही आठवडे खडबडीत ट्रेल बंद, किती ते सर्जनला ऑपरेशनच्या आधी विचारा आणि सीझन संपल्यावरची तारीख घ्या.