आहोला येताय? आधी हे वाचा

शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी मिळून ॲरिझोनातल्या आहोला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. १९८५ साली इथली तांब्याची खाण बंद पडली आणि गाव रोडावलं. मागे राहिलेली माणसं मात्र जीव लावणारी आहेत. मोठी खरेदी, स्पेशालिस्ट डॉक्टर, विमानतळ यांसाठी फिनिक्स नाहीतर टूसॉन गाठावं लागतं, म्हणजे गाडीने साधारण दोन तास. म्हणून लायसन्स आणि गाडीचं आधी बघा. मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने वाटेत तपासणी नाकं लागतं, तेव्हा पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) कायम सोबत ठेवा.

घर बघताना एसी आहे का, हे पहिलं विचारा. इथे बऱ्याच जुन्या घरांत पाण्याचा कूलर असतो. नागपूर-अकोल्याकडच्यांना वेगळं सांगायला नकोच: मे-जूनच्या कोरड्या हवेत तो झकास चालतो, पण जुलैत पावसाळी दमट हवा आली की नुसती घुसमट. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, एसीचंच घर घ्या.

पावसाळ्यात एरवी कोरड्या असलेल्या ओढ्यांना बघता बघता लोंढा येतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, थांबा. धुळीचं वादळ आलं तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला उभं राहायचं, दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरून पाय काढायचा. मागचा दिवा दिसला की लोक तो रस्ताच समजून येऊन आदळतात. गाडीत पिण्याचं पाणी भरपूर असू द्या.

विंचवांसाठी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, पण उजेड थेट अंगावर पडला तरच; म्हणून अंथरूण उचलून खाली बघा. बूट झटकल्याशिवाय घालू नका.

पूर्वेला तोहोनो ओ'ओदाम या इथल्या मूळनिवासी लोकांची भूमी आहे. तिथे विचारल्याशिवाय फोटो काढू नका, हे मी कळकळीने सांगते. वाळवंटातल्या पावसावर ते पिढ्यान्‌पिढ्या तेपारी नावाचं कडधान्य पिकवत आलेत. मिळालं तर जरूर घ्या. रात्रभर भिजवा, कुकरला राजम्यापेक्षा जास्त शिट्ट्या द्या आणि गोडा मसाला घालून उसळ करा. फार चवदार होते.

ॲरिझोनात घड्याळं मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे भारताशी साडेबारा तासांचा फरक वर्षभर तोच राहतो. सकाळी सातला फोन लावलात तर आई-बाबांकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात.