मुलं उतरतानाच का रडतात? विमानप्रवासातल्या या चुका टाळा

नऊ वर्षं मी विमानात केबिन क्रूचं काम केलं, आणि नंतर स्वतःच्या दोन मुलांना घेऊन भरपूर प्रवास केला. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट दिसत राहिली. आईबाबांची सगळी तयारी निघण्याची असते. बॅगा आठवडाभर आधी भरलेल्या, टेक-ऑफसाठी दुधाची बाटली हातात, नवं खेळणं पहिल्या दहा मिनिटांत बाहेर. मूल मात्र बिथरतं ते शेवटी. विमान उतरताना, सामानाच्या पट्ट्यापाशी, मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी. तोवर बाटली रिकामी झालेली असते आणि मोठ्यांचा धीरही संपलेला असतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका याच सवयीतून होतात, आणि त्या पुन्हा पुन्हा पाहून मला आता खरंच वाईट वाटतं, कारण त्रास मुलाला होतो.

सगळं दूध टेक-ऑफलाच पाजून टाकणं

विमान उडताना बाळाला काहीतरी चोखायला द्यावं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण कानांना जास्त त्रास होतो तो उतरताना. विमान वर चढतं तेव्हा केबिनमधला हवेचा दाब हळूहळू कमी होतो, आणि कानाच्या पडद्यामागची हवा घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून सहसा आपसूक बाहेर पडते. उतरताना उलटं होतं. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो, आणि दाब सारखा व्हायचा तर ती नळी उघडावी लागते. ती उघडते गिळताना, जांभई देताना. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि बरीच आडवी असते, थोड्या सर्दीनेही बंद होते. आपल्या कानाला दडे बसले की आपण आवंढा गिळतो. आठ महिन्यांच्या बाळाला ते कोण सांगणार?

एका रात्रीच्या फ्लाइटमधलं बाळ मी विसरलेले नाही. आईबाबांना बॅसिनेटसाठी, म्हणजे समोरच्या भिंतीला लावायच्या बाळाच्या पाळण्यासाठी, सगळ्यात पुढची रांग मिळाली होती. टेक-ऑफला बाळाने पूर्ण बाटली संपवली आणि ते गाढ झोपलं. विमान खाली यायला लागलं तेव्हा मी जाऊन सांगितलं, की आता उठवून थोडं थोडं दूध द्या. बाबा म्हणाले, "झोपलंय तर झोपू दे." झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो, त्यामुळे कानाच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक वाढत गेला. लँडिंगला पंधराएक मिनिटं असताना बाळ किंकाळी फोडून उठलं. दुधाची पावडर बॅगेत होती आणि बॅग वरच्या कप्प्यात, कारण पुढच्या रांगेत टेक-ऑफ-लँडिंगला पायाशी सामान ठेवू देत नाहीत. सीटबेल्टची खूण लागलेली. मीही समोरच्या क्रूच्या सीटवर पट्टा बांधून बसलेली, त्यांच्यापासून दोन हातांवर, आणि उठू शकत नव्हते. चाकं जमिनीला लागेपर्यंत ते लेकरू रडत होतं, आणि त्याच्याबरोबर आईही.

त्यानंतर माझ्या स्वतःच्या मुलांच्या वेळी मी ठरवूनच टाकलं. टेक-ऑफला थोडंच दूध, उरलेलं उतरतानासाठी राखीव. पावडर आणि मोजून घेतलेलं पाणी बॅगेत ठेवायचं नाही, सीटच्या खिशात ठेवायचं. लँडिंगच्या घोषणेची वाट पाहायची नाही, कारण विमान साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागलेलं असतं. क्रूला सरळ विचारायचं, "उतरायला कधी सुरुवात होणार?" त्यांना ते ठाऊक असतं आणि कुणी विचारलं तर बरंच वाटतं. मग बाळाला उठवायचं, आडवं न ठेवता जरा उभं धरायचं, आणि एकदम न पाजता घोटाघोटाने पाजायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला अर्थातच अंगावर घ्या. मोठ्या मुलाला स्ट्रॉने पाणी द्या. चघळायच्या कडक गोळ्या लहान मुलांना देऊ नका, घशात अडकतात.

नाक चोंदलेलं असेल किंवा कान दुखत असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि ते थांबा म्हणाले तर थांबा. तिकिटाचे पैसे गेल्याचं दुःख मला समजतं. तरीही थांबा.

झोपेसाठी औषध देणं

याबद्दल मी सौम्य लिहू शकत नाही. दर प्रवासात कुणीतरी कानात सांगतं, "सर्दीचं अमुक सिरप एक चमचा दे, पोहोचेपर्यंत झोपेल." अशा अनेक सिरपांमध्ये गुंगी आणणारी जुनी अॅलर्जीविरोधी औषधं असतात. त्यातल्या प्रोमेथाझिनबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये आपला सर्वांत कडक इशारा दिला: दोन वर्षांखालच्या मुलांना हे देऊच नये, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. त्यात विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे ऑक्सिजनही थोडा कमीच मिळतो.

आणि काही मुलांवर या औषधांचा उलटाच परिणाम होतो. मी अशी मुलं पाहिली आहेत: डोळे तारवटलेले, अंग झोपेला आलेलं, आणि तरी हातपाय झाडत सीटवरून उसळणारी. त्यांना स्वतःलाच कळत नसतं काय होतंय. उलटीचा किंवा दुसरा काही त्रास असेल, तर तुमच्या मुलाला ओळखणाऱ्या डॉक्टरांनी मात्रा लिहून दिलेलं औषध वेगळं. नातेवाइकांनी सुचवलेला चमचा नको.

मुलाला खरोखर थकवायचं असेल तर गेटपाशी पळू द्या. लहान मुलं सोबत असली की आधी बोर्डिंग मिळतं, आणि सगळे ते आनंदाने घेतात. मग विमान निघेपर्यंत मूल अर्धा-पाऊण तास सीटला जखडलेलं राहतं. आमच्याकडे एक जण बॅगा घेऊन आधी आत जाई आणि दुसरा मुलांना घेऊन बाहेर जिने चढत-उतरत बसे, रांग संपत येईपर्यंत.

मांडीवरच्या मुलाचे नियम न वाचणं

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवता येतं, पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. सुट्टीतच दुसरा वाढदिवस येत असेल, तर बहुतेक विमान कंपन्या परतीला स्वतंत्र सीट मागतात. काउंटरवर हे कळणारे आईबाबा मी कित्येक पाहिले.

स्वतःचा पट्टा बाळाभोवती गुंडाळू नका. विमानाला जोराचा झटका बसला तर तुमच्या शरीराचा सगळा भार त्या पट्ट्यामधून बाळावर येतो. अनेक ठिकाणी क्रू बाळासाठी वेगळा जोडपट्टा देतात, तो मागा. परवडत असेल तर दीड वर्षाच्या मुलालाही स्वतःची सीट घ्या आणि विमानासाठी मान्यता असलेलं बालआसन (लहान मुलाची पट्ट्यांची वेगळी सीट) वापरा. सगळ्यात सुरक्षित जागा तीच.

ऑक्सिजनचा मास्क आधी स्वतःला. हे ऐकताना कुठल्याही आईला पटत नाही, मलाही प्रशिक्षणात पटलं नव्हतं. पण ३५,००० फुटांवर केबिनमधला दाब गेला, तर माणूस भानावर राहून काही करू शकतो ते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. तुमची शुद्ध हरपली तर बाळाला मास्क लावायला कुणी उरणार नाही.

बॅसिनेट मिळालं म्हणजे रात्रभर झोप मिळाली असं समजू नका. सीटबेल्टची खूण लागली की बहुतेक कंपन्या बाळाला बाहेर घ्यायला लावतात. त्याला वजनाची मर्यादाही असते, बुक करतानाच विचारा.

या चुका छोट्या आहेत, पण रोज दिसतात

बाळाचे चार जादा कपडे घेतात आणि स्वतःचा एक टी-शर्ट घेत नाहीत. उलटी होते ती तुमच्या अंगावर.

मूल मांडीवर असताना गरम चहा-कॉफी घेऊ नका. एक धक्का पुरतो.

लहान मुलाला पॅसेजच्या बाजूला बसवू नका. ट्रॉली जाते, कोपर-बोटं चेंगरतात, वरून बॅगाही पडतात.

केबिनमध्ये न्यायच्या द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेला घाबरून दूध ओतून देणारे दिसतात. बाळाला प्रवासात लागेल एवढ्या दुधाला बहुतेक देशांत सूट असते; तपासणीला ते वेगळं काढून दाखवा.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती केबिनमध्येच न्यायची असते.

मुलाला घेऊन परदेशी एकटेच निघाला असाल, तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवा.

सगळी खेळणी पहिल्या तासात दाखवू नका. एक तरी गोष्ट लँडिंगनंतरच्या रांगेसाठी लपवून ठेवा. ती रांग विमानाच्या चार तासांपेक्षा मोठी वाटते.

पोहोचल्या पोहोचल्या बॅगा उघडणं आणि लगेच फिरायला निघणं

माझा मोठा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही एका मुक्कामी पोहोचलो. मी कपडे लावत होते, नवरा फोनवर होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं, तर त्याने ती बाल्कनीच्या कठड्याला लावली होती आणि एक पाय वर टाकला होता. त्या खोलीत शिरून आम्हाला पाच मिनिटंही झाली नव्हती.

तेव्हापासून खोलीत शिरल्यावर पहिलं काम बॅगांचं नसतं. एक जण मुलांना धरून बसतो. दुसरा गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून खोली बघतो: किटलीची लोंबणारी वायर, खिडकीची कडी, टेबलांचे कोपरे, कुणाची तरी राहून गेलेली गोळी. बाल्कनीतल्या खुर्च्या आत येतात आणि दाराला कडी लागते.

जवळ तलाव किंवा पोहण्याचा हौद असेल, तर मुलावर कुणाचं लक्ष आहे हे नाव घेऊन ठरवा. चार मोठी माणसं जमली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. लहान मूल पाण्यात किंवा पाण्याकाठी असेल तर तुम्ही हात लावता येईल एवढ्या अंतरावर हवे, आणि फोन खोलीत.

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. फिरण्याचे पैसे भरलेले असतात म्हणून आईबाबा मुलाला ओढत नेतात, आणि मग चार तास त्याच्यावरच चिडतात. वेळेत मोठा फरक असेल तर शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेतं. पाच तासांच्या फरकाला पाच दिवस, ही मोठ्यांचीही गत असते. सकाळी मुलाला उजेडात न्या, दुपारची झोप लांबू देऊ नका.

रात्री तीनला ते टक्क जागं होणारच. आम्ही संध्याकाळीच उशाशी एक छोटी पिशवी भरून ठेवायचो: पाणी, भूक लागली तर काहीतरी कोरडं खाणं, एक पुस्तक, एक मंद दिवा. मोठा दिवा लावायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. मांडीवर घेऊन हळू आवाजात तेच पुस्तक पुन्हा वाचायचं, पुन्हा झोप येईपर्यंत.