‘अर्ली स्टार्ट’चा कोर्स निवडताना या चुका टाळा

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ च्या उन्हाळ्यात ‘अर्ली स्टार्ट’ सुरू केले, तेव्हा गणितात किंवा इंग्रजी लेखनात कच्च्या असलेल्या मुलांकडून कॉलेज सुरू होण्यापूर्वी उजळणी करून घेणे एवढाच त्याचा हेतू होता. युनिव्हर्सिटीच्या २०१७ च्या आदेशाने हे चित्र बदलले. प्लेसमेंटच्या, म्हणजे मुलाने कोणत्या पातळीपासून सुरुवात करावी हे ठरवणाऱ्या, चाचण्या बंद झाल्या, शाळेतील गुण आणि विषय पाहून मुलांचे चार गट ठरू लागले (पहिल्यात अट आधीच पूर्ण केलेली मुले, तिसऱ्या-चौथ्यात जादा मदत लागणारी) आणि २०१९ च्या उन्हाळ्यापासून क्रेडिट देणारे, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे, कोर्स आले. म्हणजे उन्हाळ्यातला ग्रेड आता कायमचा नोंदला जातो. तरीही इथल्या मराठी घरांतील अनेक पालक हा कोर्स सुट्टीतला जादा वर्ग समजून निवडतात, आणि दरवर्षी त्याच चुका पुन्हा पाहाव्या लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सोपा म्हणून स्टॅटिस्टिक्स घेणे. हा विषय वाईट नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा नर्सिंगकडे जाणाऱ्या मुलांसाठी तो बहुधा योग्यच असतो. तो घेतल्याने पदवीसाठी सर्वांना लागू असलेली गणिताची सर्वसाधारण अट पूर्ण होते, परंतु कॅल्क्युलसकडे जाणारा रस्ता त्यातून निघत नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातील एका मराठी कुटुंबातील मुलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे होते. मैत्रिणीने घेतला म्हणून तिनेही स्टॅटिस्टिक्स घेतला, मनापासून अभ्यास केला आणि ए ग्रेड मिळवला. ऑगस्टमध्ये नावनोंदणी करताना कॅल्क्युलसचा पहिला कोर्स तिच्यासाठी बंद होता, कारण त्याआधी प्रीकॅल्क्युलस हवे होते. तिचे वडील मला म्हणाले, “ताई, ए ग्रेड आहे ना, मग अडचण कुठे आहे?” मी मेजरचा (पदवीच्या मुख्य विषयाचा) रोडमॅप, म्हणजे कोणता कोर्स कोणत्या सेमिस्टरला घ्यायचा याचा तक्ता, छापून त्यांच्यासमोर ठेवला आणि पेन्सिलने बाण काढून दाखवले: प्रीकॅल्क्युलसनंतर कॅल्क्युलस, त्यानंतर भौतिकशास्त्रातील मेकॅनिक्स, त्यानंतर स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरील बलांचा इंजिनिअरिंगचा विषय). पहिली कडी एका सेमिस्टरने सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात, आणि एखादा कोर्स वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर सेमिस्टरचे नुकसान वर्षावर जाते.

ही चूक हुशार घरांतही होते, त्याचे कारण मला स्पष्ट दिसते. या मुलांचे आईवडील महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्या वर्षाचे विषय विद्यापीठाने ठरवलेले होते. शाखा मिळाली की वेळापत्रक आपोआप हातात येत असे. इथे प्रत्येक विषयाची पूर्वअट विद्यार्थ्याने स्वतः तपासायची असते. म्हणून मी रोडमॅप नेहमी शेवटच्या वर्षाकडून मागे वाचते आणि गणिताची साखळी जिथे सुरू होते तोच उन्हाळी कोर्स सुचवते. ‘कोणता लवकर संपेल?’ हा प्रश्न मला कुणी विचारू नये असे मनापासून वाटते. अठराव्या वर्षी घाई स्वाभाविक आहे, पण पालकांनी तिला खतपाणी घालू नये.

दुसरी चूक खास आपल्या घरांतली आहे. कोर्स ऑनलाइन आहे म्हणून त्याच काळात भारताची तिकिटे काढली जातात. एक मुलगा मावसभावाच्या लग्नासाठी नाशिकला गेला होता. कॅलिफोर्नियातील सकाळी दहाचा वर्ग उन्हाळ्यात भारतात रात्री साडेदहाला सुरू होतो. हळदीच्या गडबडीत दोन क्विझ बुडाल्या, नंतर तो आजारी पडला आणि परत येईपर्यंत निम्मा कोर्स संपला होता. पंधरा आठवड्यांचा अभ्यास सहा आठवड्यांत उरकला जातो, तेव्हा एका आठवड्याची गैरहजेरी अडीच आठवड्यांची ठरते. आजीआजोबांना भेटायला जरूर जावे, पण कोर्सच्या आधी किंवा नंतर. आणि तारखा जुळतच नसतील, तर सक्ती नसलेल्या मुलाने तो कोर्स ऑगस्टनंतर घ्यावा.

एपी परीक्षेचे, म्हणजे शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेचे, गुण जुलैच्या सुमारास येतात. कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये तीन किंवा त्याहून अधिक गुण असतील तर गणिताची अट तिथेच पूर्ण होते, म्हणून गुण अपेक्षित असतील तर आधी अ‍ॅडव्हायजरशी बोलावे.

फी कमी म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) कोर्स घेण्यात काही गैर नाही. मात्र तो आपल्या कॅम्पसवर कशाच्या बदल्यात धरला जातो हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधीच पाहावे आणि अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) स्वतः मागवून पाठवावे. ते आपोआप जात नाही.

सी मायनसवर समाधान मानू नये. सर्वसाधारण अटीला तो पुरतो, पण पुढच्या कोर्ससाठी अनेक मेजर किमान सी मागतात.

तिसरा किंवा चौथा गट मिळाला म्हणून मुलाला नातेवाइकांसमोर कमी लेखू नये. गणितासाठी धडपडणारी घरे इंग्रजी लेखनाचा गट पाहायलाही विसरतात. तो वेगळा असतो आणि त्याचा कोर्सही वेगळा असतो.

नाव नोंदवल्यावर पहिल्याच दिवशी कोर्स सोडण्याची अंतिम तारीख कॅलेंडरवर लिहावी. लहान कोर्समध्ये ती पहिल्या काही दिवसांतच निघून जाते, आणि त्यानंतर सोडलेल्या कोर्ससमोर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स अर्धवट सोडल्याचा शेरा, उमटतो.