बागेची माती खणताना आणि न खणताना: या चुका टाळा

पहिला पाऊस पडला की भाड्याच्या पॉवर टिलरची शोधाशोध सुरू होते. "माती मऊ झालीय, आजच उलटून टाकू!" काळ्या मातीत याहून मोठी चूक नाही. ओली असताना ती नुसत्या पायांनीही दबते आणि वाळल्यावर अशी ढेकळं होतात की कुदळ टणकन उडते. वाफसा, म्हणजे खणण्याजोगा ओलावा, येऊ द्या. मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर खणा. चपटा होऊन बसला तर घरात जाऊन चहा प्या.

दुसरी चूक म्हणजे लव्हाळ्यावर, या चिवट गवतासारख्या तणावर, यंत्र फिरवणं. ओळखीतल्या एका काकांच्या बागेत तो एका कोपऱ्यात होता. मी म्हटलं, खुरपं घ्या. काकांना घाई. त्यांनी रोटाव्हेटर फिरवून घेतला, आठवडाभर खूशही होते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या ओवलेल्या असतात. माळ तुटली की एरवी झोपून राहणाऱ्या गाठीही फुटतात. यंत्राने त्या बागभर पेरल्या. मग काकांनी प्लास्टिक अंथरलं, तर कोंब तेही भोसकून वर! अशा जागी मी गाठीसकट खणतो आणि गाठी उन्हात कडकडीत वाळवतो. कंपोस्टात कधीच टाकत नाही. काम कंटाळवाणं आहे, पण जवळची वाट मला तरी सापडलेली नाही.

आता उलटी मंडळी, न खणता बाग करायचे व्हिडिओ बघून कुदळच टाकून देणारी. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी या बिननांगरणीच्या पद्धतीतही गादीवाफे आधी एकदा करावेच लागतात. हे 'एकदा' सगळे विसरतात. नव्या बंगल्याभोवती जेसीबीने दाबलेला मुरूम असतो. त्यावर पालापाचोळा पसरून गांडुळांची वाट बघू नका. टिकावाने फूटभर खणा, राडारोडा वेचा, शेणखत मिसळा. त्यानंतर मात्र खणणं बंद. संपलेली वांगी-मिरची मी उपटत नाही, जमिनीलगत कापतो. मुळं आत कुजली की पाण्याला वाट होते. रोगट झाड असेल तरच मुळासकट काढतो.

काळ्या मातीत घमेलंभर वाळू घालून काही होत नाही. कच्चं शेण नको, त्यातून हुमणी ही मुळं खाणारी अळी येते. आणि वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, नाहीतर मधली मेथी खुडायला तुम्हीच त्यात पाय देणार.