लायकाच्या नावाखाली झॉर्की गळ्यात पडू नये, तर या चुका टाळा

सोनेरी मुलामा, सापाच्या कातडीसारखं आवरण, वर ‘लायका’ हे नावाजलेल्या जर्मन कॅमेऱ्याचं नाव आणि ‘बर्लिन १९३६’ अशी अक्षरं. असला कॅमेरा लिलावात दिसला की पहिली चूक ठरलेली: माणूस कोरलेलं वाचत बसतो आणि कॅमेरा बघायचं राहूनच जातं. कोरायला काय लागतं? सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या काळात फेड आणि झॉर्की या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांची मूळ नावं घासून, वर जर्मन नौदल-हवाईदलाचे शिक्के मारून असे ‘दुर्मीळ लायका’ ढिगाने बाजारात आले. हे दोन्ही कॅमेरे मुळात १९३२च्या लायका-२ वर बेतलेले, त्यामुळे वरवर बघणारा फसतोच.

म्हणून लेन्स काढून दाखवायला सांगा. आट्यांची असते, फिरवली की सुटते. आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरची (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेची) दांडी दिसेल. लायकात तिच्या टोकाला बारीक गोल चाक असतं, लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारं. फेड-झॉर्कीत त्या जागी पाचरीसारखं घडवलेलं धातूचं टोक. एवढा एक फोटो पाठवायला विकणारा का-कू करत असेल, तर माझ्या लेखी व्यवहार तिथेच संपला.

उलटी चूकही होते. ‘एनकेव्हीडी’ (सोव्हिएत गुप्त पोलिसांचं खातं) कोरलेला फेड दिसला की काही जण थेट बनावट म्हणून मोकळे होतात. पण फेड १९३४पासून खारकीव्हच्या ज्या श्रमवसाहतीत बनायचा, ती याच खात्याची होती. युद्धापूर्वीच्या अस्सल नगांवर ही अक्षरं असतात. (नंतरच्या नगांवर हौसेने कोरलेलीही सापडतात, हे ध्यानात असू द्या.)

अशा जुन्या फेडला दुसरी लेन्स लावून फोटो धूसर आले, तर लगेच कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. तेव्हा लेन्स त्या-त्या बॉडीशी जुळवून दिली जायची. दुसरीचा फोकस चुकू शकतो.

ज्युपिटर-८ या सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात. पण ते साल लेन्सचं. बॉडीशी जुळलं नाही तर लेन्स बदललेली असेल, एवढंच.

आणि झॉर्की-४ हातात घेऊन तपासताना आधी शटर भरा (फिल्म पुढे सरकवायची चकती फिरवून ताणा), मगच शटरच्या वेगाची चकती फिरवा. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते, आणि मग तो कॅमेरा तुम्हालाच घ्यावा लागेल.