वळचणीवरची चिकट चादर: नवं छप्पर घालताना या चुका टाळा

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. बॉस्टन, शिकागो, टोरांटोच्या हिवाळ्यात ते आढ्याच्या दिशेने निघतं. घरातली ऊब छपराखालच्या पोकळीत, म्हणजे अॅटिकमध्ये, झिरपते, छपराच्या वरच्या भागातला बर्फ वितळतो, पाणी उतारावरून खाली येतं आणि भिंतीबाहेर आलेल्या थंड वळचणीवर पुन्हा गोठतं. असं होत होत तिथे बर्फाचा बांधच तयार होतो. त्यामागे तुंबलेल्या पाण्याला खाली वाट नसते, म्हणून ते शिंगलच्या, म्हणजे छपरावर कौलांसारख्या बसवलेल्या डांबरी तुकड्यांच्या, खालून वर चढतं. शिंगलचं काम वरून आलेलं पाणी पुढे ढकलायचं. तुंबलेलं पाणी अडवणं त्यांच्याकडून होत नाही. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण १०० इंचांहून जास्त बर्फ पडला, तेव्हा तिथल्या घराघरांत भिंतींवरून ओघळ आले ते यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे शिंगलच्या खाली, थेट छपराच्या लाकडी फळ्यांवर (डेकवर) चिकटवायची डांबरी चादर. एका कंपनीने तिला दिलेलं ‘आइस अँड वॉटर शील्ड’ हे नाव आता सगळ्याच कंपन्यांच्या मालाला लागलं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडात घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांची छपरं आता बदलायला आली आहेत आणि कोटेशनमध्ये हा शब्द हमखास दिसतो. अडचण ही की शिंगलचा रंग पुढची वीस वर्षं दिसत राहतो, ही चादर मात्र काही तासच दिसते. न्यू जर्सीत तर २०१८ पासून एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घराचं छप्पर बदलायला साधारणपणे परमिट लागत नाही, म्हणजे तपासायला इन्स्पेक्टरही येत नाही. ते काही तास तुमचे. खालच्या चुका त्याच वेळात पकडता येतात.

‘वळचणीला एक पट्टी मारली’

रोल ३६ इंच रुंद असतो. त्यामुळे काठाला एक पट्टी मारली की काम झालं, असं सर्रास समजलं जातं. बहुतेक घरांना ती पुरत नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी ज्यावर आपले नियम बेतले आहेत तो इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड सांगतो की जिथे वळचणीला बर्फ साचून पाणी तुंबतं त्या भागात ही चादर छपराच्या खालच्या काठापासून निघून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच गेली पाहिजे. म्हणजे मोजणी काठापासून सुरू होते, पण संपते घराच्या आत, उबदार भागावर. आता तुमची वळचण भिंतीबाहेर १६ इंच आली असेल तर आडवं अंतर झालं ४० इंच. पण चादर आडवी नसते, उतारावर असते. उतार ६:१२ असेल, म्हणजे १२ इंच आडवं गेल्यावर ६ इंच उंची वाढत असेल, तर ४० ला १.११८ ने गुणायचं: जवळपास ४५ इंच. उतार १२:१२ असेल तर १.४१४ ने, म्हणजे ५७ इंच. दोन्ही वेळा एक पट्टी अपुरी. दोन पट्ट्या साडेतीन इंचांच्या जोडाने मारल्या तर ६८.५ इंच होतात आणि दोन्ही घरं सुरक्षित राहतात. ८:१२ किंवा त्याहून तीव्र उतार असेल तर उतारावर मोजून किमान ३६ इंच हवेत, अशी आणखी एक अट आहे. वळचण अगदी आखूड असली तरी ती लागू होते.

कॅनडाच्या राष्ट्रीय नियमावलीत मोजायची पद्धत वेगळी आहे: काठापासून उतारावर किमान ९०० मिलिमीटर, आणि शिवाय भिंतीच्या आतल्या बाजूपासून ३०० मिलिमीटर आत. टोरांटोच्या मित्राने सांगितलेला आकडा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराला लावू नका, आणि उलटही करू नका. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. टाउनशिपच्या बांधकाम खात्याला एक फोन केला की कळतं.

हे गणित काँट्रॅक्टर येण्यापूर्वी स्वतः करून ठेवा. वळचणीची रुंदी जमिनीवर उभं राहूनही मोजता येते.

रोल निवडताना

पाकिटावर एएसटीएम डी १९७० हा मानक क्रमांक हवा. त्यात अशा चादरीची किमान जाडी सुमारे १ मिलिमीटर धरली आहे आणि खिळा आरपार गेल्यावर त्याभोवती ती पाणी अडवते का, याची चाचणी आहे. पण ही हमी चादरीत बसलेल्या खिळ्यापुरती आहे. चुकीच्या जागी ठोकून उपटलेल्या खिळ्याचं भोक आपोआप बुजत नाही. त्यावर त्याच चादरीचा तुकडा चिकटवावा लागतो. सोलर पॅनेलचे जाड बोल्टही या हमीत धरू नका. त्यांना स्वतंत्र फ्लॅशिंग, म्हणजे जोडाशी पाणी अडवणारा पत्रा, लागतं. छप्पर आणि सोलर एकाच वर्षी करणार असाल तर दोन्ही मंडळींना आधी एकमेकांशी बोलायला लावा.

वरून खडबडीत, वाळूसारखे कण असलेली चादर शिंगलखाली चालते आणि तिच्यावर पाय टिकतो. प्लास्टिक फिल्मची गुळगुळीत चादर दवात किंवा हिमकणांत फार निसरडी होते. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं छप्पर घालणार असाल तर मात्र साधा रोल अजिबात घेऊ नका. उन्हात पत्र्याखाली इतकी उष्णता साठते की साधं डांबर मऊ होऊन ओघळू शकतं. त्यासाठी उच्च तापमानाचे वेगळे रोल मिळतात, सुमारे २५० अंश फॅरनहाइट सहन करणारे. किमतीतला फरक पाहून इथे तडजोड केली तर ओघळलेलं डांबर वळचणीच्या कडेने बाहेर येताना दिसतं, आणि तोपर्यंत वरचा पत्रा पक्का बसलेला असतो.

आणखी एक मर्यादा लोक विसरतात: उघड्यावर राहण्याची मुदत. काही रोल ३० दिवस ऊन सोसतात, काही सहा महिने. शिंगल यायला उशीर होणार असेल तर आधी हा आकडा पाहा.

चिकटली नाही तर ती नुसती चादर

या मालाची सारी ताकद डेकला घट्ट धरून बसण्यात आहे. पकड सुटली की तिच्याखाली शिरलेलं पाणी लाकडावरून हवं तिकडे फिरतं.

बहुतेक कंपन्या ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली काम करू नका म्हणतात. नोव्हेंबरात दुपारी हवा ५० अंश फॅरनहाइट असली तरी सकाळी आठला सावलीतलं लाकूड गोठणबिंदूजवळ असतं, आणि चिकटायचं असतं ते लाकडाला. घाईचा काँट्रॅक्टर उत्तरेकडची बाजू सकाळी सुरू करतो. त्याला आधी दक्षिणेकडची बाजू करायला सांगा. रोल रात्रभर गॅरेजऐवजी घरात ठेवले तरी फरक पडतो. थंडीत, किंवा ओएसबीच्या (लाकडाचे कपचे दाबून केलेल्या फळीच्या) खरबरीत बाजूवर, प्रायमर मारावा लागतो. कोटेशनमध्ये प्रायमर नसेल तर विचारा.

डेक कोरडा आणि झाडलेला हवा. जुनी शिंगल काढल्यावर उरणारे खडे, भुसा, वाकडे खिळे यांवर चादर टाकली तर ती त्या कचऱ्याला चिकटते. जुन्या फेल्टवर, म्हणजे शिंगलखालच्या डांबरी कागदावर, चिकटवणंही चूकच, कारण मग फेल्ट आणि लाकूड यांच्यामधली वाट मोकळीच राहते. मागचा प्लास्टिकचा कागद काढताना चादरीची घडी पडली, तोंड उघडी सुरकुती राहिली, तर ती कापून सपाट करून वर तुकडा लावायचा. शिंगलखाली दडपायची नाही. आणि हो, काढलेले कागद छपरावर पडू देऊ नयेत. त्यांवर पाय घसरतो.

चादर हाताने थोपटून बसत नाही. रोलर फिरवायचा असतो, विशेषतः जोडांवर. काम चालू असताना रोलर दिसला नाही तर तेव्हाच बोला.

छपरावर आधीच जुनी चिकट चादर असेल तर ती सोलताना प्लायवुडचा पापुद्राही निघतो. काही कंपन्या जुनीवर एक नवी चादर लावू देतात, काही नाही. नसेल चालत तर काठाची फळकुटं बदलावी लागतात. प्रत्येक प्लायवुड शीटचा दर आधीच लिहून घ्या. छप्पर उघडं पडल्यावर घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे उरत नाही.

जोड, काठ आणि व्हॅली

वरचा थर नेहमी खालच्यावर यायला हवा. आडव्या जोडात किमान साडेतीन इंच, उभ्या जोडात सहा इंच, आणि वरच्या भागातला फेल्ट किंवा सिंथेटिक कागद चादरीच्या वरच्या काठावर. कागद चादरीच्या खाली सारला गेला, तर वरून येणारं पाणी चादरीच्या पोटात जातं. ही चूक घाईत फार सहज होते.

ड्रिप एज या पत्र्याच्या पट्टीबद्दल मतं खूप ऐकू येतात. सर्वसाधारण नियम असा की खालच्या काठाला ड्रिप एज आधी आणि तिच्यावर चादर. बाजूच्या तिरक्या कडांना चादर आधी आणि तिच्यावर ड्रिप एज. काही कंपन्या खालच्या काठालाही चादर थेट लाकडावर लावून फॅसियावर, म्हणजे काठाच्या उभ्या फळीवर, थोडी खाली वळवायला सांगतात, म्हणजे पन्हळ गोठून भरली तरी मागून पाणी लाकडात शिरत नाही. ज्या कंपनीचा रोल घेतला तिच्या पत्रकातली आकृती पाहा आणि तीच पाळायला लावा.

दोन उतार मिळतात त्या व्हॅलीत सगळ्यांत जास्त पाणी वाहतं, म्हणून तिथे पूर्ण रुंदीचा रोल मधोमध घालतात. इथली खास चूक म्हणजे चादर खोबणीच्या तळाला न टेकता दोन बाजूंच्या मध्ये ताणून राहणं. दिसायला ती छान सपाट दिसते. नंतर शिंगल बसवताना तिच्यावर पाय पडतो आणि ती बरोबर मधोमध फाटते. आधी खोबणीचा तळ दाबायचा, मग बाजू. व्हॅलीच्या मध्यापासून सहा इंचांत खिळा नको. धुराडं, स्कायलाइट आणि भिंतीला टेकणारी छपरं इथे चादर भिंतीवर वर वळवलेली हवी. तिथेच डांबरी सिमेंटचे डबे उघडले जातात. त्यातलं द्रावण काही चादरींना मऊ करतं, म्हणून जाड थापू देऊ नका.

‘सगळ्या छपरालाच लावून टाका’

आपल्याकडे जास्तीचं संरक्षण म्हटलं की लगेच होकार जातो. पण या चादरीतून वाफ जवळजवळ जात नाही. संपूर्ण छपराला ती लावली तर ओलं लाकूड फक्त आतल्या बाजूने सुकू शकतं, आणि अॅटिकमध्ये हवा खेळत नसेल तर तेही होत नाही. कमी उताराच्या किंवा चक्रीवादळाच्या प्रदेशातल्या घरांना संपूर्ण आच्छादनाचा उपयोग आहे. पण ते करण्याआधी अॅटिकचं वायुवीजन तपासा. कोडचा मूळ हिशोब दर १५० चौरस फूट अॅटिकला १ चौरस फूट मोकळी जाळी असा आहे. काही अटी पाळल्या तर ३०० ला १. म्हणजे १२०० चौरस फुटांना ८, किंवा ४. वळचणीखालच्या जाळ्या इन्सुलेशनने बुजलेल्या असतील तर हे आकडे कागदावरच राहतात.

बाथरूमचा पंखा आणि स्वयंपाकघराचा हूड घराबाहेर उघडतो का, हेही बघा. रोज कुकरच्या शिट्ट्या आणि फोडण्या होणाऱ्या घरात ती वाफ अॅटिकमध्ये गेली तर छपराखालचं लाकूड हिवाळाभर ओलं राहतं.

गळती झालीच असेल तर

आधी वेळ पाहा. बर्फ साचल्यावर, उन्हाच्या दिवशी बाहेरच्या भिंतीजवळ डाग उमटत असेल तर बर्फाचा बांध आणि तोकडी चादर यांचा संशय घ्या. वाऱ्याच्या पावसात धुराड्याजवळ गळत असेल तर फ्लॅशिंग. बर्फ किंवा पाऊस नसतानाही थंडीत अॅटिकमधल्या खिळ्यांच्या टोकांवर हिमकण दिसत असतील आणि ऊन पडल्यावर ते टपकत असतील, तर ती गळतीच नाही, घरातल्या वाफेचं पाणी आहे. त्यासाठी नवं छप्पर घालणं म्हणजे पैसे वाया. अॅटिकच्या तळातल्या फटी बुजवा, इन्सुलेशन वाढवा, जाळ्या मोकळ्या करा. बर्फाच्या बांधाचंही मूळ तिथेच आहे: चादर बांध रोखत नाही, त्यामागचं पाणी घरात येऊ देत नाही, इतकंच.

बर्फाचा बांध कुऱ्हाडीने किंवा हातोड्याने फोडू नका. शिंगल आणि चादर दोन्ही फाटतात. जमिनीवरून लांब दांड्याच्या रूफ रेकने काठाचा बर्फ ओढा.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

‘आइस अँड वॉटर कोडप्रमाणे’ एवढ्यावर सही करू नका. रोलचं पूर्ण नाव, वळचणीला किती पट्ट्या, भिंतीच्या आत किती इंच, व्हॅली, धुराडं आणि स्कायलाइटला चादर आहे की नाही, प्रायमर कोणत्या परिस्थितीत, आणि शिंगल चढवण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो द्यायचे, हे शब्दांत हवं. वळचणीच्या फोटोत काठापासून चादरीच्या वरच्या कडेपर्यंत लावलेला मेजर टेप आणि त्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. काम रिमझिम पावसात किंवा पहाटेच्या दवावर सुरू होऊ नये, म्हणून पहिल्या सकाळी कामावरून रजा घ्या.